टपरीवरची खुर्ची

आमच्या कार्यालयाचा चहा दोन ठिकाणी व्हायचा. पुरुषांचा खाली, टपरीवर. माझा वर, टेबलावर.

कार्यालय जालन्यात, मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर, पाइप आणि पंपांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. एका दैनिकाचं जिल्हा कार्यालय. दोन खोल्या, प्रमुखांची काचेची केबिन, मोजके संगणक आणि सतत कुरकुरणारा एक इन्व्हर्टर. मी तिथे बातम्या आणायचे आणि इतरांच्या बातम्या नीटही करायचे. बाई मी एकटीच होते. कार्यालयप्रमुखांना सगळे साहेब म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला माझं टेबल दाखवलं, संगणकाचा पासवर्ड सांगितला आणि म्हणाले, "ताई, चहासाठी खाली उतरायची तुम्हाला बिलकुल गरज न्हाई. चहा वर येत जाईल."

मला बरं वाटलं. का वाटलं ते आता नीट सांगता येतं.

माझं घर केदारखेड्याचं, शेतकऱ्याचं. जमीन बऱ्यापैकी, त्यामुळे माणसांचं येणं-जाणंही बऱ्यापैकी. ओसरीवर पुरुष बसले की बायका आणि मुली आत. चहा आतून बाहेर जायचा. आई कपबशांचं ताट दाराच्या चौकटीपर्यंत आणायची, तिथून पुढे भाऊ न्यायचा. ओसरीवर काय ठरलं ते आम्हाला मागाहून कळायचं. कुणाची सोयरीक कुठे जुळतेय, कोणत्या रानात काय पेरायचं, मला पुढे शिकवायचं की नाही. माझ्या शिक्षणाचा निर्णयही तिथेच झाला, माझ्या बाजूने झाला, आणि रिकाम्या कपांबरोबर तो आत आला.

कार्यालयात उलटं होतं. चहा बाहेरून आत यायचा, तो माझ्यासाठी असायचा आणि आणून देणारा पुरुष असायचा. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मान ठेवून राह्यलेत म्हंजे." मीही तेच समजले. चहाची दिशा बदलली हे माझ्या लक्षात आलं. चौकट तीच होती हे लक्षात यायला वेळ लागला.

रोज सकाळी वर बैठक व्हायची. कोण काय आणतंय, कुठल्या पानावर काय जाईल, हे साहेब लिहून घ्यायचे. मी ते अंतिम समजायचे. संध्याकाळी पान लागताना मात्र त्यातलं बरंच बदललेलं असायचं. बातम्यांचं असं होतच असतं म्हणून मी फारसा विचार केला नाही.

मग एका उन्हाळ्यात मी जाफराबाद भागातल्या शेडनेटमध्ये काम करणाऱ्या बायकांवर बातमी आणली. तिकडे मिरचीचं, टोमॅटोचं बियाणं जाळीच्या आत तयार होतं. एका झाडाच्या फुलाला दुसऱ्या झाडाचे परागकण हाताने लावायचे, फूल न दुखावता. त्याला क्रॉसिंग म्हणतात आणि ते बहुतेक बायकाच करतात. जाळीत वारा शिरत नाही. बायकांना चक्कर येत होती, जवळ प्यायचं पाणी नव्हतं, टेकायला सावली नव्हती. मी तीन गावं फिरून ती बातमी केली होती. सकाळच्या बैठकीत ती पहिल्या पानावर ठरली. संध्याकाळी त्या जागी मोसंबीचे भाव होते.

आमचा गुन्हेवार्ताहर माझ्या शेजारी बसायचा. सरळ माणूस होता. मी त्याला विचारलं.

"ते खाली बोलणं झालं ना, ताई," तो म्हणाला.

मी विचारलं, कुणाशी. त्याने काही न लपवता सांगितलं. जाहिरात विभागातले गृहस्थ टपरीवर म्हणाले की बियाणेवाल्यांच्या जाहिरातींचा सीझन तोंडावर आला आहे, आता हे नको. साहेब म्हणाले, बराबर हाय. चहा संपला आणि सगळे वर आले. मला कुणी सांगितलं नाही, कारण सांगायचं राहिलं आहे असं कुणाला वाटलंच नाही.

मला फसवलं असं म्हणता येणार नाही. सगळं उघड्यावर, भर रस्त्यात झालं होतं. तिथे फक्त मी नव्हते.

त्यानंतर "खाली" हा शब्द मी लक्ष देऊन ऐकू लागले. खाली ठरलं. खाली विषय निघाला. खाली साहेबांचा मूड चांगला होता म्हणून रजा मिळाली. कार्यालयाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर सूचना यायच्या, पण त्या खाली ठरलेल्या गोष्टींच्या असायच्या. पाटी नसलेला तो एक विभागच होता. त्याची वेळ ठरलेली होती आणि मला तिथे मनाई कुणीही केलेली नव्हती.

म्हणून मी खाली गेले.

टपरी एका म्हाताऱ्या गृहस्थांची होती. सगळे त्यांना चाचा म्हणत. टपरीसमोर बंद पडलेल्या दुकानाचा कट्टा होता. कार्यालयातली माणसं त्यावर बसायची, जागा नसेल तर उभी राहायची. मला पाहून चाचा लगबगीने शेजारच्या सलूनमध्ये गेले आणि लाल रंगाची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. खांद्यावरच्या फडक्याने ती पुसली. "बैठो, ताई," म्हणाले. मी बसले. मी बसताच कट्ट्यावरचे सगळे उठून उभे राहिले.

त्यांनी हे ठरवून केलं नव्हतं. घरात वडीलधारं माणूस आलं की अंग आपोआप उठतं, तसं ते झालं. एकाने सिगारेट पाठीमागे नेली. जाहिरातवाल्यांनी माझ्या वडलांची तब्येत विचारली. साहेब उन्हाबद्दल बोलले. सगळ्यांच्या हातात काचेचे गिलास होते, माझ्यासाठी चाचांनी आतून कपबशी काढली. मी चहा प्याले. मी बसलेली आणि सगळे उभे, असं ते चाललं. बातमीचा विषय निघाला नाही. मी उठून जिन्यात शिरले तेव्हा मागून हसण्याचा आवाज आला. हसणं माझ्यावर नव्हतं, थांबलेलं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. खुर्ची तयार होती. तिसऱ्या दिवशीही होती. मी एकदा म्हटलं की मी कट्ट्यावरच बसते. गुन्हेवार्ताहर म्हणाला, "असं कसं, ताई," आणि खुर्ची आणखी पुढे सरकवली. काही दिवसांनी खाली उतरले तर खुर्ची होती आणि माणसं नव्हती. चाचांनाच अवघडल्यासारखं झालं. "आज वो लोगां आगे की टपरी पे गये," ते म्हणाले. मी तरीही खुर्चीवर बसून चहा प्याले आणि वर आले.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते चांगले गृहस्थ होते, आजही माझं मत तेच आहे. म्हणाले, पोरं तुमच्यासमोर मोकळी बोलत नाहीत, त्यांचाही इलाज नाही. त्यातल्या दोघांचे वडील माझ्या वडलांना ओळखतात हेही त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, तुम्हाला तिथं रस्त्यावर उभं ठेवणं बरं दिसत नाही. मी तिथे एकदाही उभी राहिले नव्हते. पण ते बोलून काही साधलं नसतं.

मी खाली जायचं थांबवलं. खुर्ची सलूनमध्ये परत गेली. मी वेगळी सोय लावली. चहाच्या आधी माझ्या बातमीचे मुद्दे गुन्हेवार्ताहराला सांगून ठेवायचे, खाली विषय निघाला तर तो मांडायचा. मी चौकटीपर्यंत न्यायचे आणि पुढे तो नेणार. त्याने ते काम प्रामाणिकपणे केलं. माझ्या बऱ्याच बातम्या त्यामुळे वाचल्या.

काही वर्षांनी कार्यालयात दुसरी बाई आली.

ती जाफराबादकडच्या टेंभुर्णीची. वयाने माझ्याहून बरीच लहान. आजोबा मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. वडलांनी फिरणं सोडून थोडी जमीन केली होती, काही शेळ्या ठेवल्या होत्या आणि हंगामात ते दुसऱ्यांच्या रानातही जायचे. तिने पत्रकारितेचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. आमच्याकडे शहर बातमीदाराची एक जागा रिकामी होती. साहेबांनी तिला सांगितलं की दिवाळीपर्यंत काम बघू, मग कायम करू. घरातूनही तिला दिवाळीपर्यंतचीच मुदत होती. कायम झाली तर जालन्यात राहील, नाही तर गावी परत. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, एसटीची वेळ सांगावी तसं.

त्याच दिवशी चहाच्या वेळी पुरुष उठले तशी तीही उठली. तिला कुणी वर थांब म्हणालं नाही, कारण ती थांबेल असंच सगळ्यांनी धरलं होतं. माझ्या टेबलाजवळची खिडकी रस्त्यावर उघडायची. खालचं बोलणं तुटक तुटक वर यायचं. मी पाहिलं, चाचांनी सलूनमधून तीच लाल खुर्ची आणली.

ती कट्ट्यावर बसली आणि तिने आपली बॅग खुर्चीवर ठेवली. "बॅगला बसू द्या, चाचा. लई दमली ती. टेंभुर्णीपासून उभी आली."

सगळे हसले. चाचा कपबशी काढायला लागले तर म्हणाली, "गिलासच द्या. बशी धरायला तिसरा हात कुठून आणू?"

पुन्हा हसले. उठून उभं कुणी राहिलं नाही. मी खिडकीत हे पाहत होते आणि माझा चहा समोर निवत होता.

ती वर आल्यावर मी तिला माझ्या खुर्चीची हकिकत सांगितली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मंग बॅग नेत जा ना, ताई."

मी तिला विचारलं, तुला तिथे बसताना काही वाटलं नाही का. ती म्हणाली की तिची आजी आजोबांबरोबर मेंढरांमागे असायची. तळ पडला की सगळे एकाच चुलीभोवती बसत. "ओसरीच न्हाई तर बाया आत जातील कुठं?"

तिच्या आग्रहाने मी एकदा तिच्याबरोबर खाली गेले, बॅग घेऊन. चाचांनी खुर्ची आणली. मी बॅग ठेवायला वाकले तेवढ्यात साहेबांनी ती माझ्या हातातून घेतली, कट्ट्यावर नीट ठेवली आणि मला म्हणाले, "बसा, ताई." मी बसले. सगळे उठले. तीही उठली, कारण एकटीने बसून राहणं विचित्र दिसलं असतं. त्या दिवशी उन्हाचा आणि माझ्या वडलांच्या तब्येतीचाच विषय झाला. मी गेले की तिचीही जागा आखडते हे मला कळलं. पुन्हा गेले नाही.

तिच्यासाठी खुर्ची त्यानंतर कधी आणली गेली नाही. सुरुवातीला मला तो तिचा विजय वाटला. मला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते तिने पहिल्या दिवशी केलं होतं. मग खिडकीतून आणखी काही ऐकू येऊ लागलं.

मला सगळे अहो-जाहो करत, तिला अगं-तुगं. हे वयामुळे असेल असं मी धरलं. पण तिच्याच वयाच्या शिकाऊ मुलाला कुणी वर पिटाळत नसे. तिला मात्र, "ए, जल्दी वरून माझा चार्जर आन." ती आणायची. एकदा जाहिरातवाले म्हणाले, "मेंढरं सोडून इकडं कशाला आली गं?"

"हितं बी हाकावंच लागून राह्यलंय की," ती म्हणाली.

सगळ्यात मोठ्याने जाहिरातवालेच हसले. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला. तिचं उत्तर दर वेळी नवं असायचं, त्यांचा प्रश्न तोच असायचा. मी तिला विचारलं, तुला लागत नाही का. ती खोटं बोलली नाही. "लागतं ना," म्हणाली. "पन ताई, तुम्ही वर ऱ्हायल्या अन् तुमची बातमी खाली पडली. माझी पडू देनार न्हाई."

मग तिने शेडनेटची बातमी आणली. तीच जाळी, त्याच बायका, तीच चक्कर. फरक असा की सुट्टीत तिने स्वतः तिथे क्रॉसिंगचं काम केलं होतं आणि तिची आई अजून करत होती. सकाळी बातमी ठरली. चहाच्या वेळी जाहिरातवाल्यांनी सीझनचा मुद्दा काढला. पुढचं मला गुन्हेवार्ताहराने वर येऊन सांगितलं. तिने त्यांना विचारलं, "काका, नेटमधी कधी गेलात का?" ते म्हणाले, मी कशाला जाऊ. ती म्हणाली, बातमीत कुठल्या कंपनीचं नाव नाही, पाण्याचं आणि सावलीचं आहे. त्या बायकांच्या घरी आपला अंक येतो. त्यांनी अंक बंद केला तर कंपन्या जाहिरात कुणाला दाखवायला देतील? साहेबांना हसू आलं. म्हणाले, जाऊ द्या मंग.

बातमी आतल्या पानावर आली, पण पूर्ण आली. ती नीट करायचं काम माझ्याकडे होतं. खरं सांगायचं तर माझी बातमी जास्त पक्की होती, त्यात माणसं जास्त होती आणि डॉक्टरांचं म्हणणंही होतं. तिची छापली गेली. दोन बातम्यांमध्ये अंतर जिन्याएवढं होतं.

 जाहिरातवाल्यांनी तिला चार्जर आणायला पाठवणं बंद केलं.

दिवाळी जवळ आली तेव्हा तिच्या जागेचा विषय निघाला. तो खाली निघणं शक्य नव्हतं, तिच्यासमोर तिच्याबद्दल कसं बोलणार. म्हणून त्या दिवशी साहेबांनी चाचांना फोन करून सगळ्यांचा चहा वर मागवला. साहेब, जाहिरातवाले, गुन्हेवार्ताहर आणि मी असे केबिनमध्ये बसलो. इतक्या वर्षांत मी त्यांच्याबरोबर, सगळे बसलेले असताना, प्यालेला तो पहिला चहा होता. ती नेहमीच्या वेळी खाली उतरली होती. केबिनमधून टपरी दिसत नव्हती, पण ती कुठे असेल हे सगळ्यांना माहीत होतं.

जाहिरातवाले म्हणाले, मोंढ्यातले व्यापारी विचारतात, तुमच्यात बसते ती पोरगी कोण. "पोरगी चांगली हाय. पन लई मोकळी हाय. उद्या काही झालं तर आपल्या नावाला बट्टा."

 गुन्हेवार्ताहर म्हणाला, काम चांगलं करते.

मी जे सांगायचं ते सांगितलं. तिने आणलेल्या बातम्या सांगितल्या. जागा बातमीदाराची आहे आणि ती बातमी आणते, हे सांगितलं. ती कट्ट्यावर बसते ती याच खोलीतल्या माणसांबरोबर बसते, बाजार बोलत असेल तर तो तुमच्याबद्दलही बोलत असणार, मग तुमच्या जागेचा विचार का होत नाही, असंही विचारलं. माझा आवाज चढला नाही. सवय नव्हती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणता ते बराबर हाय. पण तुमची गोष्ट येगळी. इतकी वर्षं झाली, तुमच्याकडं बोट दाखवायला कुणाला जागा न्हाई. बाईमाणसानं पेपरात ऱ्हावं तर तुमच्यासारखं."

त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं. बाकीच्यांनी मान डोलावली.

मी म्हटलं, "साहेब, मी तशी राहिले नाही. मला तसं ठेवलं."

"तेच ते, ताई," ते म्हणाले आणि कप खाली ठेवला.

मी त्या प्रसंगावर बराच विचार केला आहे. दुसरं काही बोलले असते तर निर्णय बदलला असता असं मला वाटत नाही. खंत त्याची नाही. खुर्ची, कपबशी, वर आलेला चहा, यातलं काहीही मी मागितलं नव्हतं आणि बदलायचा प्रयत्न केला तर तो सौजन्याने मोडून काढला गेला होता. पण तेच सगळं त्या दिवशी टेबलावर पट्टीसारखं ठेवलं गेलं आणि तिला त्यावर मोजलं. माझ्या वाट्याला आलेल्या मानाचा तिला असा उपयोग झाला.

साहेबांनी तिला वर बोलावलं. बातमीदाराची जागा सध्या भरायची नाही असं ठरलंय, पण महिला पुरवणीचं काम देता येईल, कायमचं पुढे बघू, असं सांगितलं. "ताईंच्या शेजारी बस. आता खाली उतरायची बी गरज न्हाई. चहा वर येत जाईल."

ती टेबलावरच्या रिकाम्या कपांकडे पाहत होती. "आज सगळ्यांचा चहा वरच झाला का?" तिने विचारलं.  "मी खाली वाट बघून राह्यल्ते," ती म्हणाली. मग साहेबांना विचारलं, "म्हंजे बातमीदारीचं न्हाई?"

"सध्या न्हाई."

"बराबर," ती म्हणाली.

ती तिच्या टेबलाचा खण रिकामा करत असताना मी शेजारी उभी होते. पुरवणीचं काम घे, जालन्यात तरी राहशील, पुढे काही बदलेल, असं मी तिला म्हणाले. मला ते खरंच वाटत होतं. तिने विचारलं, "तुम्हाला पहिल्या दिवशी हेच म्हनले होते का, चहा वर येत जाईल?"

मी हो म्हटलं.

"बरं वाटलं असंल तुम्हाला."

"वाटलं होतं."

"मला बी वाटलं असतं," ती म्हणाली. "आमच्यात बायाला चहा कोनी आनून देत न्हाई." मग तिने बॅग खांद्याला लावली. चाचांचा निरोप घ्यायला ती टपरीवर थांबली, ते मी खिडकीतून पाहिलं. दिवाळीनंतर ती परत आली नाही. जागा काही महिन्यांनी एका मुलाला मिळाली. तो कट्ट्यावर बसायचा आणि त्याबद्दल मोंढ्यात कुणी काही विचारलं नाही.

पुढे मी वर्तमानपत्र सोडलं. आता मी जालन्यातल्याच एका बियाणे कंपनीच्या प्रसिद्धी विभागात आहे. इथे बायका पुष्कळ आहेत. प्रयोगशाळेत आहेत, हिशेबात आहेत, वरच्या हुद्द्यांवरही दोघी-तिघी आहेत. स्वच्छतागृह आहे, तक्रार समिती आहे, कंपनीची बस आहे. यातलं काहीही मला तेव्हा मिळालं नव्हतं आणि याची किंमत मी कमी करत नाही. मध्यंतरी मनुष्यबळ विभागातल्या एका तरुण अधिकारी मॅडमनी मला नव्या मुलींसमोर बोलायला सांगितलं. विषय होता, कामाच्या जागी विविधता आणि आपलेपणा. पडद्यावर वेगवेगळ्या रंगांच्या माणसांनी हात गुंफलेलं चित्र होतं.

मी त्यांना आधी विचारलं की आपले व्यवस्थापक चहा कुठे पितात. त्यांना ती गंमत वाटली.

मुलींना मी थोडक्यात सांगितलं. नव्या जागी गेलात की दोन गोष्टी बघा: खुर्ची कुणासाठी आणली जाते आणि चार्जर आणायला कुणाला पाठवलं जातं. बाया किती हे मोजलं जातं, ते मोजावंच. पण दोन बाया एकाच जिन्याने वर येऊन दोन वेगळ्या ठिकाणी पोचू शकतात, हे त्या मोजणीत दिसत नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग करायचं काय?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, मला माहीत असतं तर मी तेव्हाच केलं असतं.  अधिकारी मॅडमनी आभार मानले आणि पुढचं चित्र लावलं.

यंदा कंपनीच्या शेतकरी मेळाव्यासाठी मी टेंभुर्णीला गेले होते. मेळावा संपल्यावर बाजारातून चालत निघाले तर एका झेरॉक्सच्या दुकानात ती दिसली. दुकान तिचंच आहे. ऑनलाइन अर्ज भरून देते, दाखले काढून देते. दुकानासमोर लांब लाकडी बाक होता. त्यावर दोन म्हातारे गृहस्थ, डोक्यावर पदर घेतलेल्या तिघी बायका आणि एक शाळकरी मुलगी अशी दाटीवाटीने बसली होती. काम चालू होतं आणि बोलणंही. एक म्हातारे तिला म्हणत होते, तुझ्या मशीनला माझा अंगठा कसा ओळखू येत नाही, माझ्या म्हशीला येतो. ती म्हणाली, "म्हशीलाच आना मंग, आबा, साक्षीला."

तिने मला लगेच ओळखलं. "ताई," म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकची खुर्ची होती. तिने ती ओढणीने पुसली.

मी म्हटलं, "अगं, बाकावर बसते मी."

"असू द्या. तुम्ही कुठं दाटीत बसता," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधला, पण नव्हता. ती स्वतः बाकावर बसली, बायकांनी सरकून तिला जागा करून दिली. तिने चहा मागवला आणि जुन्या कार्यालयाची चौकशी केली. मी सांगितलं, आता तिथे दोनच माणसं आहेत, बाकी सगळं मोबाइलवर चालतं. साहेबांचं तिने काही विचारलं नाही. "चाचा हाईत का?" विचारलं. मी म्हटलं, आहेत, टपरी मुलगा बघतो.

मी आले तेव्हापासून बाकावरचं बोलणं थांबलं होतं. आबांनी टोपी नीट केली होती. बायका माझ्याकडे बघून हसत होत्या आणि वाट पाहत होत्या.

बॅग माझ्या हातातच होती. खुर्चीवर ती ठेवता आली असती, पण मग मी कुठे बसणार? बाकावर जागा उरली नव्हती, आणि मला खुर्ची मिळालेली असल्यामुळे कुणी सरकायचंही कारण नव्हतं. बॅग मांडीवर घेऊन मी बसले आणि चहा जितक्या लवकर संपवता येईल तितक्या लवकर संपवला. रस्त्याच्या वळणापर्यंत पोचले तेव्हा मागे आबांचा आवाज आला, आणि मग सगळ्यांचं हसणं.